केन विल्यम्सने कंपनी कशाच्या बदल्यात दिली

धंदा विकायला निघालेली माणसं सल्ल्याला येतात तेव्हा पहिला प्रश्न असतो आकड्याचा. मग पाटीवर नाव कोणाचं राहणार ते. पैसे रोख मिळणार की समोरच्या कंपनीच्या शेअरमध्ये, हा विषय निघतो चहा संपता संपता, उठायच्या बेतात असताना. अशा वेळी मी त्यांना पुन्हा बसवतो आणि केन विल्यम्सचं प्रकरण सांगतो.

केन आणि त्याची बायको रॉबर्टा यांनी कॅलिफोर्नियात घरगुती कॉम्प्युटरवरचे गेम विकायला सुरुवात केली १९८० साली, राहत्या घरातून. १९९६ साली त्यांची 'सिएरा ऑन-लाइन' सुमारे १ अब्ज डॉलरला विकली गेली. पुढच्या दोन वर्षांत कळलं की घेणाऱ्या कंपनीच्या वह्यांतला नफा काही वर्षं बनावट होता. गेम खेळणाऱ्यांच्या जगात ही गोष्ट 'भाबडा कलावंत आणि लुच्चा शेठ' अशा थाटात सांगितली जाते. मला ते पटत नाही. केन कलावंत नव्हता आणि भाबडा तर मुळीच नव्हता. जे यंत्र त्याने स्वतः उघडून पाहिलं, त्याबद्दल त्याचा अंदाज सहसा चुकला नाही. ज्याचे फक्त आकडे पाहिले, तिथे तो दोनदा आपटला. पहिल्यांदा आपटला त्यातून वर आला. दुसऱ्यांदा वर यायला हातात काही उरलं नव्हतं. या दोन वेळांमधला फरक पाहण्यासारखा आहे.

आठ किलोबाइटचं चित्र

केनचा जन्म १९५४ चा, इंडियाना राज्यातल्या इव्हान्सव्हिलचा. वाढला कॅलिफोर्नियात. १९७२ साली लग्न झालं तेव्हा तो अठरा वर्षांचा, रॉबर्टा एकोणीसची. कॉलेज अर्धवट सुटलं. प्रोग्रामिंगचा व्यवसाय-कोर्स करून तो लॉस एंजेलिसमध्ये मोठ्या कॉम्प्युटरवर, म्हणजे मेनफ्रेमवर, काम करू लागला. एक नोकरी, शिवाय बाहेरची कामं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्याने अॅपल टू हा घरगुती कॉम्प्युटर घेतला, तो गेम करण्यासाठी नव्हे. अॅपलसाठी फोर्ट्रान या प्रोग्रामिंगच्या भाषेचा कंपायलर, म्हणजे त्या भाषेतला मजकूर यंत्राला समजेल असा करून देणारा प्रोग्राम, लिहून विकायचा, असा त्याचा बेत होता. गणित बरोबर होतं: इंजिनिअर मंडळींकडे अॅपल येतील, त्यांना फोर्ट्रान लागेल.

बेत मोडला तो कामासाठी घरी आणलेल्या टर्मिनलमुळे. फोनच्या तारेवरून मेनफ्रेमला जोडलेलं हे यंत्र उत्तरं कागदाच्या रोलवर छापून देई. त्यावर केनला 'कोलोसल केव्ह अॅडव्हेंचर' सापडला. विल क्राउदरने लिहिलेला आणि डॉन वुड्सने वाढवलेला हा शब्दांचा खेळ: गुहेचं वर्णन वाचायचं, दोन शब्दांत हुकूम द्यायचा, पुढचं वर्णन छापून यायचं. केनला गंमत वाटली. रॉबर्टाला मात्र दुसरं काही सुचेना. धाकटा मुलगा तेव्हा तान्हा होता, आणि ही बाई कागदाच्या रोलवर गुहेचे रस्ते शोधत बसलेली. तो संपल्यावर तिने त्या प्रकारचे इतर गेम शोधले. फारसे नव्हतेच. तेव्हा तिने स्वतःच स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक रचला: बंद वाडा, सात माणसं, एकामागून एक खून. नवऱ्याला बाहेर जेवायला नेऊन तिने तो समजावला. फोर्ट्रान बाजूला पडला.

रॉबर्टाला शब्दांबरोबर चित्रं हवी होती, आणि इथे केनचं खरं काम सुरू होतं. अॅपल टूच्या पडद्यावरचं एक चित्र मेमरीत ८ किलोबाइट घेतं. रॉबर्टाची चित्रं सुमारे सत्तर, म्हणजे ५६० किलोबाइट. त्या वेळच्या फ्लॉपीवर मावत होते जेमतेम ११४, आणि त्यातच गेमही बसवायचा. केनने चित्रं साठवलीच नाहीत. चित्र काढण्याच्या सूचना साठवल्या: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेघ, तिथून पुढे पुढची. व्हर्सारायटर नावाचं एक हाताचं यंत्र मिळायचं. त्याखाली कागद ठेवायचा, दांड्याच्या टोकाने रेघा गिरवायच्या, की त्यांचे आकडे कॉम्प्युटरमध्ये जात. रॉबर्टा गिरवायची. गेम चालताना पडद्यावर ते घर रेघेरेघेने उभं राहायचं. माणसं काड्यांची, दारं वाकडी. हसू येईल अशी चित्रं. पण चित्र असलेला साहसी गेम घरच्या कॉम्प्युटरवर याआधी कुणी आणलेला नव्हता.

'मिस्टरी हाउस' साधारण महिन्याभरात तयार झाला. एका प्रकाशकाकडे केन गेला होता, त्यांनी पंचवीस टक्के मानधन देऊ केलं. केनने नाही म्हटलं आणि स्वतः विकायचं ठरवलं. मे १९८० मध्ये एका कॉम्प्युटर मासिकात जाहिरात दिली. किंमत २४.९५ डॉलर. फ्लॉपी आणि सूचनांचा कागद झिपच्या प्लास्टिक पिशवीत घातला, जी सँडविच ठेवायला मिळते तीच. फोन नंबर घरचा. पहिल्याच महिन्यात सुमारे ११,००० डॉलर आले. ऑर्डर घ्यायला फोन वाजायचा तोही स्वयंपाकघरात. आणि अडलेले खेळाडू रात्री-बेरात्री तोच नंबर फिरवून विचारायचे, "माळ्यावर कसं जायचं?" पुढे कंपनीने अडलेल्यांसाठी स्वतंत्र मदतीची फोनलाइन चालवली आणि सूचनांची पुस्तकं विकली, त्याचं मूळ हेच.

व्यवहाराच्या नजरेने मला इथे सगळ्यात मोलाची वाटते ती प्लास्टिकची पिशवी. ऑर्डर आली की फ्लॉपीची प्रत काढायची. कोरी फ्लॉपी पडून राहिली तर वाया जात नाही, त्यावर उद्या दुसरा गेम घालता येतो. पैसे आधी, माल नंतर. आपल्याकडे घरगुती मसाले किंवा फराळ करणाऱ्या बायका याच हिशेबाने चालतात आणि बुडत नाहीत.

मूर्ती चतुर्थीनंतर कोण घेणार

त्याच वर्षी दुसरा गेम आला, 'विझार्ड अँड द प्रिन्सेस'. आता चित्रं रंगीत होती. साठ हजारांहून अधिक प्रती खपल्या. विल्यम्स कुटुंब लॉस एंजेलिस सोडून योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या वाटेवरच्या डोंगरात, कोर्सगोल्ड-ओकहर्स्ट या खेड्यांच्या भागात गेलं. रॉबर्टाला झाडांत राहायचं होतं. कॉम्प्युटरच्या धंद्याला शहर लागत नाही, टपाल आणि फोन पुरतो, हे केनने १९८० सालीच ताडलं होतं. आज घरून काम करणाऱ्यांना त्यात विशेष वाटणार नाही.

पुढची दोन वर्षं पैसा आला आणि शिस्त आली नाही. इतर तरुण प्रोग्रामरांचे गेम कंपनी मानधनावर विकू लागली. 'सॉफ्टपॉर्न अॅडव्हेंचर'च्या वेष्टनावर हॉट टबमधला फोटो होता, त्यात खुद्द रॉबर्टा होती, आणि 'टाइम' मासिकाने त्याची दखल घेतली. रॉबर्टाने १९८२ साली 'टाइम झोन' केला. सहा फ्लॉपी, दोन्ही बाजूंनी भरलेल्या, किंमत ९९.९५ डॉलर. महत्त्वाकांक्षेच्या मानाने तो खपला नाही. रिचर्ड गॅरियटचा 'अल्टिमा टू' सिएराने छापला, मग मानधनावरून बिनसलं आणि गॅरियट निघून गेला, पुढे त्याने आपली कंपनी काढली. हे सगळं त्या काळातल्या वाढत्या धंद्याला साजेसंच होतं. यातलं काही प्राणावर बेतणारं नव्हतं.

प्राणावर बेतलं ते कार्ट्रिजमुळे.

१९८२ च्या सुमारास केनने बोस्टनच्या टीए असोसिएट्सकडून भांडवल घेतलं. संचालक मंडळ आलं, सूट घातलेली व्यवस्थापक मंडळी आली. त्या वेळी अमेरिकेत पैसा वाहत होता तो अटारीच्या दिशेने, टीव्हीला जोडून कार्ट्रिज खोचायच्या गेमयंत्रांकडे. आलेख पाहणाऱ्या कुणालाही वाटलं असतं की आपणही तिकडे वळावं. सिएरा वळली. व्हिक-२०, कोलेकोव्हिजन अशा यंत्रांसाठी कार्ट्रिज बनवायला घेतली.

कार्ट्रिजचा हिशेब फ्लॉपीच्या अगदी उलटा. आत रॉम चिप असते. ती कारखान्यात गेमसकट घडवून घ्यावी लागते, काही महिने आधी, हजारांच्या घाऊक संख्येत, रोख पैसे मोजून. एकदा गेम त्यात गेला की गेला, पुसून दुसरा भरता येत नाही. आपल्याकडच्या माणसाला हे समजायला पेणच्या मूर्तिकाराकडे पाहावं. महिनोन्‌महिने आधी माती, रंग, मजुरी यात पैसा अडकतो, आणि चतुर्थी सरल्यावर उरलेली मूर्ती कुणी घेत नाही. मूर्तिकाराला निदान चतुर्थी कधी आहे ते पंचांगात वाचता येतं. सिएराला ते माहीत नव्हतं. १९८३ साली गेमयंत्रांचा बाजार कोसळला. दुकानदार न खपलेली कार्ट्रिज परत पाठवू लागले, घसरलेल्या भावात विकू लागले. सिएराच्या गोदामात माल पडून राहिला. व्हिक-२० तर तो बनवणाऱ्या कंपनीच्याच कमोडोर ६४ या नव्या कॉम्प्युटरपुढे मागे पडला.

१९८४ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या दारात उभी होती. बहुतांश कर्मचाऱ्यांना घरी पाठवावं लागलं.

भांडवलदारांना दोष देऊन मोकळं व्हायचा मोह इथे होतो. केनने स्वतःच्या आठवणींतही त्या सल्ल्याबद्दल कडू लिहिलं आहे. पण निर्णय मान्य करताना टेबलाच्या डोक्याशी तोच बसला होता. पिशवीत फ्लॉपी घालून विकणाऱ्या माणसाला माल अडकणं म्हणजे काय हे इतरांपेक्षा जास्त कळायला हवं होतं. आलेख मोठा होता, म्हणून त्याने आपलं अंगचं ज्ञान बाजूला ठेवलं. माझ्या मते पहिली चूक ती हीच.

फसलेलं यंत्र, तगलेला गेम

कंपनी वाचली ती आयबीएममुळे. तेही आडवळणाने.

आयबीएमला घरगुती ग्राहकांसाठी स्वस्त कॉम्प्युटर आणायचा होता. नोव्हेंबर १९८३ मध्ये पीसीज्युनिअर जाहीर झाला. त्याची सोळा रंग दाखवायची ताकद लोकांच्या डोळ्यांत भरेल असा गेम त्यांना हवा होता, आणि ते काम सिएराकडे आलं. खर्चाला आयबीएमचा हातभार होता. लेखन रॉबर्टाचं. त्यातून १९८४ साली 'किंग्ज क्वेस्ट' आला.

त्याआधीच्या चित्रगेममध्ये खेळाडू चित्राकडे बाहेरून पाहायचा. 'किंग्ज क्वेस्ट'मध्ये सर ग्रॅहम नावाचा एक बुटका शूरवीर बाणाच्या बटणांवर चित्रात चालत फिरतो. झाडाच्या मागून गेला की दिसेनासा होतो, पुढून गेला की झाडाला झाकतो. हे करायला सिएराच्या प्रोग्रामरांनी प्रत्येक दृश्याचं दुसरं, न दिसणारं चित्र ठेवलं. त्यातले रंग म्हणजे अंतर: कोणती वस्तू पुढे, कोणती मागे. शूरवीर चालताना कॉम्प्युटर आधी ते लपलेलं चित्र वाचतो आणि मग ठरवतो की त्याचा पाय दाखवायचा की झाडाचा बुंधा. आणि चित्रं अजूनही रेघा आणि रंग भरण्याच्या सूचनाच होत्या, 'मिस्टरी हाउस'मधल्यासारख्या. केनची जुनी काटकसर कामी येत होती.

पीसीज्युनिअर सपशेल आपटला. कीबोर्डची टीका झाली, किंमत जड वाटली, मार्च १९८५ मध्ये आयबीएमने उत्पादन थांबवलं. एवढ्यावर सिएराही गेली असती. पण गेम इतर यंत्रांवर विकायची सिएराला मोकळीक होती. १९८४ च्या अखेरीस टँडी या दुसऱ्या कंपनीने पीसीज्युनिअरशी जुळणारेच रंग आणि आवाज देणारा टँडी १००० काढला आणि तो आपल्या रेडिओ शॅक दुकानांच्या जाळ्यातून विकला. तो चालला. आणि त्यावर दाखवायला तयार असा सोळा रंगांचा, हलणारा गेम सिएराकडे होता.

नशीब म्हणावं का? काही अंशी हो. पण नशिबाला बसायला जागा लागते, ती दोन गोष्टींनी तयार झाली होती. पहिली, विकायचे हक्क हातात राहिले. दुसरी, गेम थेट एका यंत्रासाठी लिहिलेला नव्हता. सिएराने स्वतःची एक छोटी भाषा आणि ती समजणारा एक मधला प्रोग्राम बनवला होता. नवं यंत्र आलं की फक्त मधला प्रोग्राम नव्याने लिहायचा, गेम तसाच चालायचा. 'स्पेस क्वेस्ट', 'पोलिस क्वेस्ट', 'लीझर सूट लॅरी' हे पुढचे गेम याच पायावर उभे राहिले. 'पोलिस क्वेस्ट' लिहिणारा जिम वॉल्स हा कॅलिफोर्नियाच्या महामार्ग पोलिसातला माजी अधिकारी. केनला कथा लिहिणारे कुठेही सापडायचे.

'लॅरी'चं नाव निघालं की आमच्या पिढीतले काहीजण खाली बघतात. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लासमध्ये तो फ्लॉपीवरून हातोहात फिरायचा. सुरुवातीला वय तपासायला प्रश्न यायचे, अमेरिकेतले जुने राजकारणी, टीव्हीवरच्या मालिका. अठरा पूर्ण झालेली आमची मुलंही त्यात नापास व्हायची.

१९८८ मध्ये सिएराचे शेअर बाजारात आले. त्याच वर्षीच्या 'किंग्ज क्वेस्ट फोर'ला हॉलिवूडचा संगीतकार होता, विल्यम गोल्डस्टीन. पण बहुतेकांच्या पीसीमधून फक्त पीप असा आवाज निघायचा, मग संगीत ऐकणार कसं? सिएराने साउंड कार्डं आपणच विकायला घेतली. आधी गेम, मग त्याच्यासाठी यंत्र विकत घ्यायला लावायचं. त्या क्षेत्रात ही चाल ज्यांनी आधी ओळखली त्यांत केन होता. १९९१ मध्ये त्याने 'सिएरा नेटवर्क' सुरू केलं. फोनलाइनवरून घरबसल्या अनोळखी माणसांशी पत्ते, ब्रिज, बुद्धिबळ खेळायचं. डोक्यात होते घरी एकटे असलेले वयस्कर लोक. कल्पना पंधरा-वीस वर्षं लवकर आली, तोट्यात राहिली, पुढे एटी अँड टीने ती घेतली. यंत्राबद्दल त्याची नजर पुढची, हे मी म्हणतो ते यासाठी.

एक प्रसंग मात्र टोचतो. १९९२ साली आयडी सॉफ्टवेअर या छोट्या गेम कंपनीची पोरं केनला भेटायला आली. त्यांनी 'वुल्फेनस्टाइन ३डी' दाखवला. केनने कंपनी घ्यायची तयारी दाखवली: २५ लाख डॉलर, सिएराच्या शेअरमध्ये. पोरं म्हणाली, तुमचा इरादा खरा असेल तर सुरुवातीला एक लाख रोख द्या. केनने नाही म्हटलं. पुढच्या वर्षी त्यांनी 'डूम' हा गाजलेला गेम काढला. लोक या प्रसंगाकडे हुकलेली संधी म्हणून बघतात. मला त्यात दुसरं दिसतं. त्या पोरांनी विचारलेला प्रश्न, रोख किती, हाच चार वर्षांनी केनने विचारायला हवा होता.

कागदाला कागद

१९९३ मध्ये मुख्य कचेरी सिएटलजवळच्या बेलव्ह्यूला गेली, ओकहर्स्टला गेम बनवणारे राहिले. सिएराने डायनामिक्स, कॉक्टेल व्हिजन, पॅपायरस अशा कंपन्या घेतल्या. १९९५ साली रॉबर्टाचा 'फँटासमागोरिया' आला, जिवंत नटांचं चित्रीकरण केलेला, सात सीडींचा. खपाला जोरदार ठरला. कंपनी भरात होती.

फेब्रुवारी १९९६ मध्ये सीयूसी इंटरनॅशनलचा प्रस्ताव जाहीर झाला. सीयूसी म्हणजे सवलतीत खरेदी, प्रवास यांचं वार्षिक सभासदत्व विकणारी कंपनी. तिचा प्रमुख वॉल्टर फोर्ब्स हा सिएराच्या संचालक मंडळावर होता, म्हणजे ओळखीचा माणूस. सीयूसीने शैक्षणिक सॉफ्टवेअर बनवणारी डेव्हिडसन आणि सिएरा या दोन्ही घेतल्या. सिएराची किंमत सुमारे १ अब्ज डॉलर. मोबदला सीयूसीच्या शेअरमध्ये. व्यवहार त्याच वर्षी जुलैत पूर्ण झाला.

केनच्या बाजूने बोलायचं तर बरंच आहे. बाजारात नोंदलेल्या कंपनीला चालू भावाच्या बऱ्याच वर प्रस्ताव आला की संचालकांना नाही म्हणणं अवघड जातं, भागधारक कोर्टात खेचतात. सीयूसी न्यूयॉर्क शेअर बाजारात होती, तिचं ऑडिट अर्न्स्ट अँड यंगने केलेलं. वर्षानुवर्षं तिचा नफा नेमका विश्लेषकांच्या अंदाजाइतका यायचा. पुढे वर्षभराने एचएफएस ही हॉटेलं आणि जमिनीच्या व्यवहारांची मोठमोठी नावं सांभाळणारी कंपनी सीयूसीत विलीन झाली. तिचे मुरलेले व्यापारीही फसले. मग एका प्रोग्रामरला का कळावं?

पण मी फाइल वाचताना दोन ठिकाणी थांबतो. एक म्हणजे तो अंदाजाइतका नफा. कुठल्याही खऱ्या धंद्यात एखादी तिमाही वाईट जाते. सिएराची तर जात होती, गेम उशिरा आला की आकडा पडायचा. जी कंपनी कधीच चुकत नाही, तिच्याबद्दल केनला उलट शंका यायला हवी होती, कारण चुकणं म्हणजे काय ते तो पंधरा वर्षं भोगत आला होता. दुसरं म्हणजे अधिकार. विकल्यावर सॉफ्टवेअरच्या निर्णयांत आपला शब्द राहील, अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात सॉफ्टवेअर विभागाची सूत्रं डेव्हिडसन कंपनीच्या बॉब डेव्हिडसनकडे गेली, आणि केनची भूमिका नावापुरती होत गेली. वर्ष-दीड वर्षात तो बाहेर पडला. मनातली समजूत करारात पांढऱ्यावर काळी करून घेतली असती, तर निदान भांडायला कागद असता.

डिसेंबर १९९७ मध्ये सीयूसी आणि एचएफएस मिळून सेंडंट झाली. एचएफएसची माणसं सीयूसीच्या वह्या बघू लागली. १५ एप्रिल १९९८ ला सेंडंटने जाहीर केलं की हिशेबात गैरप्रकार सापडले आहेत. दुसऱ्या दिवशी शेअर ४६ टक्के कोसळला. एका दिवसात सुमारे १४ अब्ज डॉलरचं बाजारमूल्य गेलं. तीन वर्षांत मिळून ५० कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न बनावट होतं. आपल्याला हे ऐकताना २००९ च्या जानेवारीतलं सत्यम आठवतं, रामलिंग राजूंचं ते पत्र.

फसवणुकीची एक तऱ्हा मुद्दाम सांगतो, कारण तिचा सिएरासारख्या कंपन्यांशी संबंध आहे. दुसरी कंपनी विकत घेतली की कचेऱ्या एकत्र करणं, लोक कमी करणं असा खर्च होणार, म्हणून हिशेबात एकरकमी तरतूद दाखवतात. असा एकदाचाच खर्च बाजार मनावर घेत नाही. सीयूसी ही तरतूद मुद्दाम फुगवून ठेवायची. मग एखाद्या तिमाहीत नफा कमी पडला की त्या फुगवट्यातून थोडं उचलायचं आणि उत्पन्नात घालायचं. लग्नखर्चाच्या नावाने डब्यात जास्तीचे पैसे बाजूला काढावेत आणि पुढे दर महिन्याला त्यातलेच दाखवून 'पगार वाढला' म्हणावं, तसं. डबा रिकामा होत आला की नवं लग्न हवं, म्हणजे नवी कंपनी विकत घ्यायची. आता मागे वळून पाहिलं तर प्रश्न पडतो, सवलतीच्या खरेदीचं सभासदत्व विकणाऱ्यांना शूरवीर आणि राजकन्यांचे गेम बनवणारी कंपनी कशाला हवी होती?

कोर्टाचं चक्र हळू फिरलं. सीयूसीचा दुसरा मोठा अधिकारी कर्क शेल्टन याला २००५ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. फोर्ब्सच्या पहिल्या दोन खटल्यांत ज्यूरीचं एकमत झालं नाही. तिसऱ्यात तो दोषी ठरला आणि जानेवारी २००७ मध्ये बारा वर्षं सात महिने तुरुंगवासाची शिक्षा झाली.

तोवर सिएराचे मालक बदलत राहिले. सेंडंटने सॉफ्टवेअर विभाग फ्रान्सच्या हावासला विकला, मग तो विवेंडीकडे गेला. नोव्हेंबर १९९८ मध्ये सिएराच्या नावाने 'हाफ-लाइफ' बाजारात आला आणि जगभर गाजला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, २२ फेब्रुवारी १९९९ ला, ओकहर्स्टची कचेरी बंद करण्यात आली. तिथली मंडळी त्या दिवसाला 'चेनसॉ मंडे' म्हणतात. करवतीचा सोमवार. डोंगरातल्या त्या छोट्या गावात अशा नोकऱ्या दुसरीकडे मिळणार नव्हत्या. झाडांत राहायला मिळावं म्हणून रॉबर्टाने निवडलेलं गाव, आणि तिच्या मागे तिथे घरं केलेली कुटुंबं.

काय करता आलं असतं

अशी प्रकरणं शिकवताना मुलं नेहमी विचारतात, विकायलाच नको होतं का? मला तसं वाटत नाही. १९९६ पर्यंत एका गेमचा खर्च कित्येक पटींनी वाढला होता आणि एकट्याने तगणं कठीण होत होतं. विकणं ठीकच होतं. मोबदल्याचा काही भाग रोख मागता आला असता. शेअरचा भाव ठरावीक मर्यादेखाली गेला तर जास्त शेअर मिळतील, असं कलम घालता आलं असतं, पण त्याने फक्त व्यवहार पूर्ण होईपर्यंतचं संरक्षण मिळतं. दोन वर्षांनी फुटणाऱ्या बॉम्बपासून ते वाचवत नाही. त्याहून साधी एक गोष्ट होती. सीयूसीचा एक सभासद गाठून विचारायचं की तू वर्षाला पैसे भरतोस ते कशाचे, आणि पुढच्या वर्षी भरणार का. केनने अॅपलच्या आत डोकावून चित्राचे किलोबाइट मोजले होते. त्याच हाताने हे करणं अवघड नव्हतं. फोर्ब्स ओळखीचा होता, म्हणून गरज वाटली नसावी. ओळखीच्या माणसाचा कागद आपण वाचत नाही, हे लग्नाच्या बैठकीतही होतं आणि भागीदारीतही.

१९८४ मधून तो वर आला कारण गेमचे हक्क, मधला प्रोग्राम आणि तो लिहिणारी माणसं त्याच्याच हाती होती. नको तो माल गोदामात होता, पण कारखाना घरात होता. १९९८ मध्ये यातलं काहीच त्याचं नव्हतं.

केन आणि रॉबर्टा पुढे बोटीवर राहू लागले, समुद्रपर्यटनं केली, केनने त्यावर लिहिलं. सिएराचं नाव विवेंडीतून अॅक्टिव्हिजनकडे गेलं, आणि २०२३ मध्ये अॅक्टिव्हिजनसकट मायक्रोसॉफ्टकडे. त्याच वर्षी जानेवारीत त्या दोघांनी जवळजवळ पंचवीस वर्षांनी एक गेम काढला, स्वतःच्या छोट्या कंपनीतून. 'किंग्ज क्वेस्ट'चं नाव त्यांना वापरता आलं नसतं, ते विकून झालं होतं. त्यांनी घेतला तो 'कोलोसल केव्ह', कागदाच्या रोलवर छापून येणारा तोच गुहेचा खेळ, आता तीन मितींत, चालत आत शिरता येईल असा. रचना रॉबर्टाची, प्रोग्रामिंगच्या बाजूला केन.